शास्त्र वाचायचे कोणी?

एप्रिल १९७८ मध्ये इंदूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे पोटगीचा एक अर्ज आला. अर्जदार बाई बासष्ट वर्षांच्या होत्या. लग्न १९३२ सालचे, मुले पाच, नवरा शहरातला वकील. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर १९७५ मध्ये त्याने त्यांना घराबाहेर काढले होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली शाहबानो यांनी महिना पाचशे रुपये मागितले. अर्ज प्रलंबित असतानाच नोव्हेंबरमध्ये नवऱ्याने तलाक दिला, मेहेरचे तीन हजार रुपये कोर्टात भरले आणि सांगितले, की आमच्या शास्त्राप्रमाणे माझी जबाबदारी संपली. ऑगस्ट १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी महिना पंचवीस रुपये मंजूर केले. जुलै १९८० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती रक्कम १७९ रुपये २० पैशांवर नेली. त्या २० पैशांसकट प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

पुढचे सगळ्यांना ठाऊक आहे. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या पीठाने शाहबानोंच्या बाजूने निकाल दिला. कलम १२५ सर्व धर्मांच्या निराधार बायकांसाठी आहे, हे सांगून निकाल तिथेच थांबवता आला असता. पण न्यायालयाने कुराणातल्या आयती घेतल्या, त्यांची भाषांतरे ताडून पाहिली आणि घटस्फोटितेची तरतूद करणे ही कुराणाचीच आज्ञा आहे असा अर्थ लावला. जे वादळ उठले त्यात पोटगीच्या आकड्यावर कोणी फारसे बोलत नव्हते. प्रश्न एवढाच होता, की आमचा ग्रंथ वाचणारे तुम्ही कोण? नोव्हेंबरमध्ये शाहबानोंनी, त्यांच्या नावावर जिंकलेला निकाल आपल्याला नको असे जाहीर केले आणि १९८६ मध्ये संसदेने नवा कायदा केला.

इंदूरकरांना हा प्रश्न आपल्या गावचा वाटतो आणि तो तसा आहेही. पण जुने धर्मशास्त्र दिवाणी कायद्यात कुठे आणि कसे बसवायचे, यावर ज्यू समाजाने जितका काळ डोके चालवले तितका क्वचितच कोणी चालवला असेल. जवळजवळ दोन हजार वर्षे त्यांच्याकडे शास्त्र होते आणि राज्य नव्हते. मग १९४८ मध्ये राज्य आले. त्या राज्यात शास्त्राच्या अर्थाचा सर्वांत कडू घोट ज्यांच्या वाट्याला आला, ते मराठी बोलणारे होते. अलिबाग, पेण, मुरूड, पनवेल या भागांतून गेलेले. दिवेकर, चेऊलकर, केहीमकर, झिराडकर अशी त्यांची आडनावे. शाहबानोंचा अर्ज येण्याच्या चौदा वर्षे आधी, १९६४ च्या उन्हाळ्यात, ही माणसे जेरुसलेममध्ये ज्यू एजन्सीच्या कार्यालयापाशी ठाण मांडून बसली होती. त्यांचे म्हणणे एकच होते: आमच्या मुलामुलींच्या लग्नाआधी आमच्या आज्या-पणज्यांची चौकशी थांबवा.

*

कोकणातल्या बेने इस्रायलांची कथा अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यापाशी सुरू होते. गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, ग्रंथ समुद्रात गेले, असे परंपरा सांगते. इतिहासकार तिच्या काळाविषयी वाद घालतात. कुलाबा जिल्ह्याच्या गावांतून हे लोक तेलघाणे चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटले. मुलग्यांची सुंता आठव्या दिवशी, खवले आणि पर नसलेला मासा वर्ज्य, शेमा ही प्रार्थना तोंडपाठ, आणि नवस फेडायला एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा. एवढ्या शिदोरीवर त्यांनी कित्येक शतके आपला धर्म सांभाळला. तालमूद हा शास्त्रचर्चेचा ग्रंथ त्यांच्याकडे नव्हता. राबी, म्हणजे धर्मशास्त्री, नव्हते.

डेव्हिड राहबी नावाच्या एका पाहुण्याने या लोकांना ओळखले, त्यांना हिब्रू विधी शिकवले आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतल्या माणसांना तयार केले, अशी समाजाची आठवण आहे. हे झाले काजी. लग्न लावणे, तंटा सोडवणे, कोणी नियम मोडला तर पंचांसमोर उभे करणे, ही कामे गावोगावचे काजी आणि मुकादम करत. पुढे १७९६ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतल्या सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी मुंबईत मांडवी भागात पहिले सिनेगॉग, शाआर हारहमीम, बांधले. तोवर आणि त्यानंतरही बराच काळ बेने इस्रायलांचे शास्त्र म्हणजे रूढी होती.

इंग्रजी राज्यात ही रूढी चालूनही गेली. वॉरन हेस्टिंग्जच्या १७७२ च्या योजनेत हिंदूंना शास्त्र आणि मुसलमानांना कुराण असे वाटप होते, ज्यूंचा विचारच नव्हता. पण मुंबई इलाख्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८२७ मध्ये जी संहिता केली, तिच्या चौथ्या रेग्युलेशनने न्यायाधीशाला एक क्रम घालून दिला. आधी सरकारचा लिखित कायदा. तो नसेल तर ज्या मुलखात दावा उभा राहिला तिथली वहिवाट. तीही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच नसेल तर न्याय, समता व सद्सद्विवेक. ग्रंथाच्या आधी वहिवाट, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. १८६८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हिंदू कायद्याबाबतही सांगितले, की रूढी नीट सिद्ध झाली तर ती लिखित वचनाहून वरचढ ठरते.

वारसाहक्काचे तर आणखी वेगळे झाले. तोरात, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथात, सलोफहादच्या पाच मुलींची कथा आहे. बाप वारला, भाऊ नाही, म्हणून त्या मोशेपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि बापाचा वाटा मागितला. त्यांचे म्हणणे मान्य झाले आणि कायदा बदलला. पण भाऊ असताना मुलीला वाटा नाही, हा मूळ नियम राहिलाच. १८६५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने ज्यूंना आपल्या कक्षेत घेतले आणि मुलगा-मुलगी समान केली. म्हणजे वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत हिंदू मुलीला देशभर २००५ मध्ये जी बरोबरी मिळाली, तशी बरोबरी ब्रिटिश हद्दीतल्या अलिबागच्या ज्यू मुलीला बापाच्या मालमत्तेत कायद्याने एकशे चाळीस वर्षे आधी दिली होती. त्यावर कोणी रस्त्यावर उतरल्याचे वाचनात नाही.

असे का, याचे उत्तर ज्यू शास्त्रातच सापडते. तिसऱ्या शतकात बाबिलोनियातल्या नेहार्दिया गावी श्मुएल नावाचा आचार्य होता. परक्या राज्यात राहणाऱ्या ज्यूंसाठी त्याने तत्त्व घालून दिले, की राज्याचा कायदा हाही आपल्याला बंधनकारक कायदाच आहे. जमीन, कर, कर्ज, व्यवहार यांत ज्यू माणसाने राजाचे मानायचे. त्या तत्त्वाला शास्त्र्यांनी कुंपणही घातले: पैशाच्या गोष्टींत राजा, पण काय खावे आणि कोणाशी लग्न लागले वा मोडले, यात शास्त्र. सगळे वाद पुढे याच कुंपणाशी झाले.

*

इथे थोडे थांबून हे शास्त्र कसे वाचले जाते ते पाहायला हवे. कारण बाहेरच्या माणसाला ते दगडावर कोरलेले वाटते आणि आतून ते तसे मुळीच नाही.

'डोळ्याबद्दल डोळा' हे तोरातले वचन जगभर सूडाचे वचन म्हणून फिरते. तालमूदातले आचार्य ते वाचायला बसले आणि पानेच्या पाने वाद घालून म्हणाले, की याचा अर्थ डोळ्याची किंमत. आंधळ्याने एखाद्याचा डोळा फोडला तर त्याचा कोणता डोळा काढणार? मग त्यांनी भरपाईच्या पाच बाबी ठरवल्या: अवयवाचे नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेला रोजगार आणि झालेली मानखंडना. आज इंदूरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात वकील ज्या बाबी मांडतात, त्यांतल्या बऱ्याच या यादीत आहेत.

दुसरे उदाहरण आचार्य हिल्लेलचे. दर सातव्या वर्षी सर्व कर्जे माफ, अशी तोराची आज्ञा. हेतू गरिबाच्या कळवळ्याचा. पण सातवे वर्ष जवळ आले की सावकार कर्जच देईनात, आणि गरीब अधिकच अडला. इसवी सनाच्या सुरुवातीच्या सुमारास हिल्लेलने 'प्रोझबुल' नावाचा दस्तऐवज काढला. सावकाराने कर्ज न्यायालयाच्या हवाली करायचे. माफी खासगी कर्जाला आहे, न्यायालयाच्या येण्याला नाही. आज्ञेचा शब्द जागच्या जागी राहिला आणि आज्ञेचा हेतू वाचला. सुमारे इ.स. १००० मध्ये जर्मनीत राब्बेनू गेर्शोम यांनी एकाहून अधिक बायका करण्यावर बंदी घातली, आणि बायकोच्या संमतीवाचून तिला सोडचिठ्ठी देण्यावरही. तोरात दोन्हींची मुभा होती.

आपल्याकडच्या वाचकाला यात ओळखीचे काही दिसेल. आपल्या निबंधकारांनी 'कलिवर्ज्य' ही युक्ती केली होतीच: वचन खरे, पण या युगात आचरायचे नाही. पां. वा. काण्यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड १९३० ते १९६२ या काळात लिहिले. ते वाचताना पानोपानी जाणवते, की शास्त्र बदलत नाही असे म्हणणाऱ्यांनी शास्त्र वाचलेलेच नसते. इंदूरजवळच्या महूत जन्मलेल्या डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिलाची बाजू मांडताना स्मृतींचे आधार दिले ते याच जाणिवेतून.

तालमूदाचे आणखी एक वैशिष्ट्य मला थोर वाटते. त्यात हरलेल्या पक्षाचे मत खोडून टाकलेले नाही. बहुमताने निर्णय झाला, तरी अल्पमत नावानिशी नोंदवलेले आहे, कारण पुढच्या एखाद्या पिढीला त्याची गरज पडू शकते. एका भट्टीच्या शुद्धाशुद्धतेवरून वाद पेटला, तेव्हा एका आचार्याच्या बाजूने आकाशवाणी झाली, तरी बाकीच्यांनी ती मानली नाही: ग्रंथ एकदा माणसांच्या हाती दिल्यावर त्याचा अर्थ माणसांनीच बहुमताने लावायचा. अशा परंपरेत एखाद्या गावाच्या राबीचे पटले नाही, तर दुसऱ्या गावच्या राबीला पत्र लिहिता येई. बगदादचा एक सांगे, कैरोचा दुसरे. शेकडो वर्षे प्रश्नोत्तरांची ही पत्रे समुद्रांवरून फिरत होती.

*

लग्न मोडण्याच्या बाबतीत मात्र हे शास्त्र कडक आहे. तोरातल्या अनुवादाच्या पुस्तकात, चोविसाव्या अध्यायाच्या आरंभी, नवऱ्याने बायकोला लेखी सोडचिठ्ठी देण्याचा उल्लेख येतो. तिला म्हणतात गेट. लेखनिकाने हाताने, त्याच जोडप्यासाठी मुद्दाम लिहिलेल्या बारा ओळी. त्यांत दोघांची नावे, टोपणनावे, गाव, आणि गाव ओळखू यावे म्हणून जवळच्या नद्यांची नावे. दोन साक्षीदारांसमोर नवऱ्याने ती स्वतःच्या इच्छेने बायकोच्या हातात ठेवायची. न्यायालय घटस्फोट देत नाही, नवरा देतो. त्याने नाही दिला तर बाई अडकते. अशा बाईला अगुना म्हणतात, म्हणजे जखडलेली. आणि गेटविना तिने दुसरा संसार मांडला, तर त्या संसारातले मूल 'मामझेर' ठरते. शास्त्राप्रमाणे ते मूल इतर ज्यूंशी लग्न करू शकत नाही, आणि त्याची मुलेही नाहीत, पिढ्यानपिढ्या. मुलाचा दोष काहीच नाही, तरी शिक्षा त्यालाच.

इस्रायल झाले तेव्हा हा कायदा राज्याचा कायदा होणे आधुनिक विचाराच्या अनेक संस्थापकांना आवडणारे नव्हते. पण ऑटोमन काळापासून तिथे प्रत्येक धर्माच्या लग्न-घटस्फोटाचा कारभार त्या त्या धर्माच्या न्यायालयाकडे होता आणि ब्रिटिशांनी तो तसाच ठेवला होता. जून १९४७ मध्ये ज्यू नेते बेन-गुरियन यांनी कर्मठ पक्षाला पत्र लिहून शब्बाथ, आहार, शिक्षण आणि विवाह या चार बाबतींत आश्वासने दिली. १९५३ च्या कायद्याने इस्रायलमधल्या ज्यूंचे विवाह आणि घटस्फोट पूर्णपणे राबींच्या न्यायालयांकडे गेले. नोंदणी विवाहाची सोय ठेवली नाही. आजही कित्येक जोडपी लग्नासाठी विमानाने सायप्रसला जातात आणि परत येऊन नोंद करून घेतात.

माझ्या मते गाठ पडली ती इथे. पत्र लिहून दुसऱ्या गावच्या राबीला विचारायची जी वाट होती, ती राज्याने बंद केली. पूर्वी शास्त्राचे वाचक अनेक होते. आता एका कार्यालयाचे वाचन कायदा झाले आणि त्यामागे सरकारी शिक्का आला.

*

कोकणातले बेने इस्रायल या दारात येऊन उभे राहिले. १९४८ च्या सुमारास भारतात ते वीस हजारांच्या आसपास होते. पुढच्या दोन दशकांत बरेचसे इस्रायलला गेले. पहिल्याच वर्षांत कामधंदा, घर, रंगावरून मिळणारी वागणूक यांमुळे काही जण इतके विटले, की १९५२ मध्ये उपोषणे करून आणि धरणे धरून भारतात परत आले. पण खरा घाव लग्नाचा होता. मुलगा कोकणातल्या घराण्यातला आणि मुलगी मोरोक्कोच्या किंवा पोलंडच्या, असे जोडपे नोंदणीला गेले की काही राबी नकार देत.

राबींची शंका अशी होती. या लोकांकडे शतकानुशतके तालमूद नव्हता. मग कोकणात एखादे लग्न मोडले तेव्हा गेट विधिवत लिहिली गेली होती का? बिनमुलाच्या विधवेला दिराने मोकळे करण्याचा हलित्साचा विधी, ज्यात ती त्याच्या पायातला जोडा काढते, तो झाला होता का? नसेल, आणि ती बाई पुन्हा लग्न करून नांदली असेल, तर कोणत्या घरात मामझेरचा डाग आला हे आज कोणी सांगावे? एका घराची शंका सगळ्या समाजावर पसरली.

कोकण ज्याला माहीत आहे त्याला यातली विसंगती दिसेल. कोकणातल्या वरच्या जातींच्या शेजाऱ्यांप्रमाणे बेने इस्रायलांतही विधवेचे पुन्हा लग्न होत नसे आणि काडीमोड विरळा. म्हणजे ज्या पुनर्विवाहाच्या भीतीने त्यांना अडवले, तोच त्यांच्यात जवळजवळ नव्हता. ज्या रूढीने कोकणातल्या बाईला इतके सोसायला लावले, तिनेच शास्त्राच्या कसोटीवर समाजाला निर्दोष ठरवायला हवे होते. पण रूढी कागदावर नसते आणि राबींना कागद हवा होता.

सेफार्दी प्रमुख राबी इत्झाक निस्सीम स्वतः बगदादचे. मुंबईतल्या बगदादी ज्यूंनी बेने इस्रायलांना फार पूर्वीपासून दूर ठेवले होते. १८३६ मध्ये तर दफनभूमीत दोन्ही समाजांच्या मध्ये भिंत घालू द्यावी असा अर्ज सरकारकडे केला होता. त्या इतिहासाची सावली नंतरच्या वादावर पडली, असे बेने इस्रायलांना वाटे. ऑक्टोबर १९६१ मध्ये प्रमुख राबींच्या परिषदेने ठरवले, की बेने इस्रायल ज्यू आहेत आणि त्यांच्याशी विवाहाला मनाई करण्याचे कारण नाही. समाजाने सुटकेचा श्वास सोडला. पण फेब्रुवारी १९६२ मध्ये नोंदणी करणाऱ्या राबींसाठी निर्देश निघाले: बेने इस्रायल वर वा वधू असेल, तर आई, आजी, पणजी असे जितके मागे जाता येईल तितके जाऊन कुळात परधर्मी किंवा धर्मांतरित कोणी होते का, घटस्फोटानंतर कोणी पुन्हा लग्न केले होते का, हे पाहावे आणि संशय आला तर प्रकरण धर्मन्यायालयाकडे पाठवावे. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतले.

पनवेलच्या आजीच्या आईचे लग्न कुठे लागले, याचा दाखला बीरशेबाच्या तरुणाने कुठून आणायचा? असा दाखला पोलंडच्या किंवा मोरोक्कोच्या कुटुंबाकडे मागितला जात नव्हता. दोन वर्षे निवेदने, सभा, निदर्शने चालली. १९६४ च्या उन्हाळ्यात देशभरातून बेने इस्रायल कुटुंबे जेरुसलेमला येऊन बसली. पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारला ऑगस्टमध्ये संसदेचे, क्नेसेटचे, खास अधिवेशन घ्यावे लागले. क्नेसेटने ठराव केला, की बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, वैयक्तिक कायद्याच्या बाबतीतही इतरांच्या बरोबरीचे आहेत, आणि या समाजाला होणाऱ्या भेदाच्या जाणिवेची कारणे राबींनी दूर करावीत. ३१ ऑगस्टला परिषदेने निर्देशांतून 'बेने इस्रायल' हे शब्द काढले आणि ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणालाही ते लागू राहतील, असे केले.

नाव निघाले, तत्त्व राहिले. तरी मी याला मोठा विजय मानतो. आपले शास्त्र नाकारायला ही माणसे बसली नव्हती. धर्माला ती इतकी धरून होती, की ग्रंथाशिवाय शतके काढूनही शनिवार चुकवला नव्हता. त्यांची मागणी होती, की आमचे शास्त्र वाचताना आमची रूढीही वाचा. आणि ती ऐकायला लावण्यासाठी त्यांना धर्मपीठाच्या बाहेरची, लोकांनी निवडलेली संसद लागली.

याच प्रश्नाचा निवाडा एका दिवाणी न्यायालयाने एकोणतीस वर्षे आधी केलेला होता, हे फारसे कोणाला आठवत नाही. रंगून तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानातच होते. तिथल्या सिनेगॉगच्या कारभारात बेने इस्रायलांना मताचा आणि विश्वस्त होण्याचा हक्क नाही, अशी भूमिका बगदादी मंडळींनी घेतली. प्रकरण रंगून उच्च न्यायालयात गेले आणि १९३५ मध्ये न्यायमूर्ती लीच यांनी बेने इस्रायल ज्यूच आहेत आणि त्यांना पूर्ण हक्क आहेत असा निकाल दिला. एका इंग्रज न्यायाधीशाने ज्यू कोण हे ठरवावे का, असा प्रश्न तेव्हाही निघाला असेल. पण त्याच्यापुढे पुरावा आला, साक्षी झाल्या, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या आणि निकालाला कारणे जोडली गेली. १९६२ च्या निर्देशांत यातले काहीच नव्हते.

उलट दिशेचे उदाहरणही त्याच राबी परंपरेतले आहे. राबी ओवादिया योसेफ यांनी १९७३ मध्ये इथिओपियाचे ज्यू हे दान वंशाचे आहेत असे ठरवले आणि त्यांचा इस्रायलचा मार्ग मोकळा केला. त्याच वर्षीच्या योम किप्पूर युद्धात बेपत्ता झालेल्या शेकडो सैनिकांच्या बायका अगुना ठरू नयेत म्हणून योसेफ यांच्या मंडळाने एकेक प्रकरण तपासून त्यांना मोकळे केले. शास्त्र तेच होते. वाचणाऱ्याला बाईला सोडवायचे होते.

*

जिवंत नवराच अडवून बसला, तर मात्र शास्त्राचे हात आखडतात. बाराव्या शतकातला शास्त्रकार मायमोनिडीस याने यातून एक वाट काढली होती. न्यायालयाने गेट द्यायला सांगूनही जो देत नाही, त्याला होकार येईपर्यंत शिक्षा करावी. कारण प्रत्येक ज्यू मनातून शास्त्र पाळू इच्छितो, शिक्षा फक्त त्याच्या हट्टाला होते. हे मानसशास्त्र आज पटेल न पटेल, पण त्याच्या आधारे इस्रायलच्या १९९५ च्या कायद्याने धर्मन्यायालयांना हट्टी नवऱ्याचा वाहन परवाना, पासपोर्ट, बँक खाते रोखण्याचे आणि त्याला तुरुंगात टाकण्याचे अधिकार दिले. त्याआधीही तुरुंगाची वाट होती. एक नवरा १९६२ मध्ये आत गेला आणि १९९४ मध्ये तिथेच वारला, पण त्याने गेट दिली नाही. बत्तीस वर्षे तो कैदेत होता आणि बत्तीस वर्षे त्याची बायकोही.

इतर देशांच्या दिवाणी न्यायालयांनी वेगळी तोड काढली. शास्त्राचा अर्थ लावायला ती गेली नाहीत. न्यूयॉर्कने १९८३ मध्ये कायदा केला, की जो दिवाणी घटस्फोट मागतो त्याने जोडीदाराच्या पुनर्विवाहातला आपल्या हातातला धार्मिक अडथळा दूर केल्याचे शपथेवर सांगावे. इंग्लंडमध्ये २००२ च्या कायद्याने धार्मिक सोडचिठ्ठी होईपर्यंत अंतिम हुकूम रोखून धरण्याची मुभा न्यायाधीशाला दिली. कॅनडात एका नवऱ्याने १९८० मध्ये घटस्फोटाच्या करारात गेट देण्याचे लिहून दिले आणि पंधरा वर्षे दिली नाही. २००७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला ४७,५०० डॉलर भरपाई द्यायला लावली. शब्द दिला होता, मोडला, बाईची उमेदीची वर्षे गेली, त्याची किंमत भर. तोरा काय म्हणते हा प्रश्न न्यायालयाने उघडलाच नाही.

मला यात आपल्या डॅनियल लतीफी निकालाची चाल दिसते. शाहबानोंचे वकील असलेल्या लतीफी यांनी १९८६ च्या कायद्याला आव्हान दिले होते. सप्टेंबर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कुराण बाजूला ठेवून संसदेचे शब्दच बारकाईने वाचले आणि सांगितले, की इद्दतच्या तीन महिन्यांत पतीने जी वाजवी तरतूद करायची ती पुढच्या आयुष्यालाही पुरेल अशी हवी. रस्त्यावर काही झाले नाही. १० जुलै २०२४ रोजी न्यायालयाने कलम १२५ चा मार्ग मुस्लीम घटस्फोटितेला खुला असल्याचे पुन्हा स्पष्ट केले. इंदूरची ती बाई १९९२ मध्येच वारली होती.

*

आता भारतातल्या ज्यूंकडे या. २०११ च्या जनगणनेत ते साडेचार हजारांच्या आसपास होते, निम्म्याहून अधिक महाराष्ट्रात. २०१६ मध्ये राज्याने त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. वारसाहक्क उत्तराधिकार कायद्याने सुटतो. लग्न-घटस्फोटासाठी मात्र त्यांचा संसदेने केलेला वेगळा कायदा नाही. हिंदू विवाह कायदा त्यांना नावानिशी वगळतो. १८६९ चा घटस्फोट कायदा दोघांपैकी एक ख्रिस्ती असेल तरच लागतो. उरते शास्त्र, रूढी आणि ज्यांनी त्याखाली नोंदणी केली त्यांच्यासाठी विशेष विवाह कायदा. दावे आले तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने ते ऐकण्याचा अधिकार आपल्याला असल्याचे मानले आणि ज्यू शास्त्र व रूढी पाहून निवाडे केले. एल्फिन्स्टनचा क्रम अजून कामाला येतो.

पण दिवाणी न्यायालयाचा हुकूम म्हणजे गेट नव्हे. ठाण्याची किंवा पुण्याची बेने इस्रायल घटस्फोटिता उद्या इस्रायलमधल्या लोद किंवा अश्दोदला, आपल्या नात्यागोत्यात, पुन्हा लग्न करायला गेली, तर तिथले धर्मन्यायालय भारतीय हुकूमनामा बाजूला ठेवून बारा ओळींचा कागद मागेल. तो नसेल तर तिच्या मुलांपुढे तोच प्रश्न उभा राहील, जो १९६२ मध्ये तिच्या समाजापुढे होता. समान नागरी कायद्याची चर्चा आता उत्तराखंडानंतर इतर राज्यांतही चालली आहे, आणि तिच्यात या साडेचार हजारांचे नाव मी तरी ऐकलेले नाही. केवळ दिवाणी घटस्फोट सर्वांना सारखा करून या बाईचे काम भागत नाही, कारण तिची अडचण दिवाणी कायद्याच्या पलीकडच्या दारात आहे.

म्हणून न्यूयॉर्कच्या धर्तीचे एक कलम आपल्या कौटुंबिक न्यायालयांच्या कायद्यात घालावे, असे मला कळकळीने वाटते. घटस्फोट मागणाऱ्याने, मग तो ज्यू असो, मुसलमान, ख्रिस्ती वा हिंदू असो, जोडीदाराच्या पुनर्विवाहातला जो धार्मिक अडथळा त्याच्या हातात आहे तो दूर केल्याचे प्रतिज्ञापत्र द्यावे आणि तोवर हुकूमनाम्यावर सही होऊ नये. न्यायाधीशाला तोरा वाचावी लागणार नाही, कुराणही नाही. कागद दिला की नाही, एवढेच विचारावे लागेल.